टिपाडातलं पाणी

"तुमचं पाणी इकडे," पाळकबाबा म्हणाले.

त्यांनी बोट दाखवलं तिथं पत्र्याचं टिपाड होतं. पूर्वी त्यात राकेल असायचं. पाण्यावर अजून तेलकट तवंग होता. आण्णा नुकतेच हौदातून वर आले होते. पांढरं धोतर अंगाला चिकटलेलं. मंडळी टाळ्या वाजवत होती. आम्ही मांगवाड्यातली माणसं त्याच हौदात उतरायला रांगेत उभी होतो. बाप्तिस्म्याला. धुतलेल्या लुगड्यात माझी माय सगळ्यात पुढं होती.

दुष्काळाचं साल होतं. आमच्या केज तालुक्यात विहिरी कोरड्या पडलेल्या. पाणी फक्त आण्णांच्या विहिरीला. आण्णा सहकारी साखर कारखान्याचे संचालक. कारखाना सगळ्यांचा आहे, असं भाषणात सांगायचे. पण विहिरीवरच्या हौदाला आम्ही हात लावायचा नाही. त्यांचा गडी वरून ओतणार, आम्ही खाली हंडा धरणार. एकदा मायचा हंडा कठड्याला टेकला. आण्णांनी लाथ घातली. हंडा गडगडत गेला. त्याला पोचा पडला. माय तो रिकामाच डोक्यावर घेऊन घरी आली.

त्याच उन्हाळ्यात पाळकबाबा आमच्या मांगवाड्यात आले. आमच्या भुईवर बसले, आमच्या कपातला काळा चहा प्याले. बाहेरच्या माणसानं असं केलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणून तर आम्ही त्यांचं सगळं खरं मानलं. ते सांगायचे, "नुसत्या पाण्यानं तारण होत नाही. आधी पश्चात्ताप. ज्याचं वाईट केलं त्याच्या दारात जा, कबूल करा, भरून द्या. मग पाणी."

मायनं ते काळजात धरलं. ऊसतोडीच्या वेळी तिनं आण्णांच्या फडातून शेळीसाठी वाढ्याची, उसाच्या हिरव्या शेंड्यांची, पेंढी लपवून आणली होती. सभेत सगळ्यांसमोर ती उभी राहिली. "मी चोरी केली," म्हणाली. मग आण्णांच्या वाड्यावर गेली आणि तेच पुन्हा बोलली. आण्णा हसले. गोठा साफ करायला लावला. मायनं दिवसभर शेण उपसलं. घरी आली तर कमरेत वाकलेली, पण तोंडावर तेज. "हलकं वाटतंय गं," म्हणाली. तिच्या मनावरचं ओझं उतरलेलं मला त्या दिवशी दिसलं.

पुढं आण्णा आजारी पडले. पाळकबाबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आण्णा उठून बसले आणि म्हणाले, मीही प्रभूचा झालो. बाप्तिस्म्याला त्यांनी आपला हौद दिला. आम्हाला आभाळ ठेंगणं झालं. माय म्हणाली, "आता त्यो बी आपल्या दारात यील. हंड्याचं बोलंल." दुष्काळ असूनही तिनं भांड्यांचं धुवण राखून ठेवलं, त्यात शेण कालवून अंगण सारवलं. रोज दाराकडं बघायची.

आण्णा आले नाहीत.

आणि आता हे टिपाड. कुंपणानंच शेत खाल्लं. आण्णा तसे वागले असते तर मला नवल वाटलं नसतं. पण बोट पाळकबाबांचं होतं. आमच्या कपातला चहा प्यालेल्या माणसाचं.

मी रांगेतून बाहेर आले. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आण्णांनी पश्चात्ताप कधी केला?"

"तो त्यांचा आणि देवाचा प्रश्न आहे."

"मंग माझ्या मायचा गावासमोर कावून?"

पाळकबाबांनी खाली बघितलं. "पोरी, पाणी म्हणजे पाणी. हौद काय, टिपाड काय."

"मंग आण्णाला घाला की टिपाडात!"

आण्णा डोकं पुसत होते, ते पुसतच राहिले. मी मायचा हात ओढला. तिनं सोडवून घेतला. "मी देवाला कबूल केलंय," म्हणाली, "ह्यांला न्हाई." आणि ती टिपाडापाशी गेली, वाकली. पाळकबाबांनी तांब्यानं पाणी ओतलं. तिच्या केसांना कितीतरी दिवस राकेलाचा वास येत होता. त्या वासानं मला रडू यायचं. चीडही यायची, तिची नाही.

मी बाप्तिस्मा घेतला नाही. त्या दिवशी नाही, आजवर नाही.

पुष्कळ वर्षं लोटली. माय गेली. आण्णा आता काठी टेकत येतात, मंडळीत मानाच्या खुर्चीवर बसतात. मीही रविवारी जाते, पुढच्याच सतरंजीवर बसते, कुणी उठवत नाही. नवे पाळक तरुण आहेत. परवा घरी आले आणि काळजीनं म्हणाले, "ताई, वय झालं. बाप्तिस्म्याशिवाय तारण कसं?"

मी त्यांना चहा दिला. मग कोपऱ्यातला हंडा दाखवला. पोचा मी ठोकून घेतलेला नाही. म्हटलं, पश्चात्ताप काय असतो ते मी मायच्या तोंडावर बघितलंय, आणि तुमच्या आण्णाचं पाणी पालथ्या घड्यावर गेलं तेही बघितलंय. तुमचं शास्त्र मला पाठ आहे. आधी कबुली, मग पाणी. मी ते मोडत नाही. तुम्ही मोडलंत.

"मग तुम्ही काय करणार?" त्यांनी विचारलं.

"आण्णाला सांगा, चालता येतंय तवर या. ह्या दारात उभं राहून, ह्या हंड्याला हात लावून बोला. मग मी त्याच हौदात उतरंन. न्हाई आले, तर मी कोरडीच देवापुढं जाईन आणि हंडा संगं नेईन."

चहा संपवून ते उठले. मायसारखं मी अंगण सारवलेलं नाही. माझ्या बाप्तिस्म्याची वाट मंडळीनं बघायची आहे, मी आण्णांची बघणार नाही.