सरोजाक्का आणि अप्पांचं घड्याळ

वारशाने आलेलं घड्याळ अस्सल की नकली, हे विचारायला कुणी बेळगावच्या शहापुरातल्या सरोजाक्कांच्या दुकानात गेलं, की त्या घड्याळाकडे न बघताच विचारायच्या, “वाटेकरी किती?” जेवढे असतील तेवढे समोर पाहिजेत. एक जरी कमी असला तरी आक्का झाकण उघडायच्या नाहीत. “मागनं म्हणतील, बाईनं मशीन बदललं. त्यापेक्षा सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी बघा, मग काय भांडायचं ते भांडा.”

एकदा खानापूरकडचं एक कुटुंब टेम्पो करून आलं. आत्या, चुलते, सुना, सगळी. दुकान ते केवढं! एक काचेचं टेबल आणि दोन स्टुलं. माणसं गल्लीत उभी राहिली, आणि आक्कांनी भिंग एकेकाच्या डोळ्याला लावून प्रत्येकाला आतलं मशीन दाखवलं. घड्याळ निघालं नकली. पण कुणी कुणाकडे संशयाने बघितलं नाही. जाताना ती मंडळी आक्कांना रताळ्यांची पिशवी देऊन गेली.

बाई तोंडाने भारी फटकळ. कुणी घाई केली की म्हणायच्या, “वेळच बघायची तर मोबाईल हाय की रं तुझ्याकडं. जा की मग!” आणि नवऱ्याचं कौतुक सुरू झालं की थांबायच्या नाहीत. दुकान मूळचं नवऱ्याचंच. त्यांच्या शेजारी बसून बसूनच आक्का काम शिकल्या होत्या. ते गेल्यावर नातेवाईक दुकान विकायला सांगत होते, तर आक्कांनी दुसऱ्याच आठवड्यात शटर उघडलं. “हात बघावा तर आमच्या ह्यांचा. बेळगावात असा हात पुन्हा होणार न्हाय,” हे वाक्य तर गल्लीतल्या पोरासोरांनाही पाठ होतं.

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती अप्पांच्या घड्याळामुळे. अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांच्या मामांनी पलटणीतून येताना आणलेलं ते स्विस घड्याळ अप्पांनी जन्मभर वापरलं. शेवटची काही वर्षं अप्पा पिरनवाडीला माझ्याकडे होते. ते गेल्यावर घड्याळ मी निपाणीला दादाला दिलं. मोठा मुलगा तो, त्याचंच होतं. दादाने ते हौसेने कोल्हापुरात दाखवलं. तिथला कारागीर म्हणाला, “बाहेरची केस चांगली आहे, पण आतलं मशीन दुसरंच घातलंय.”

झालं! दादाचा फोन आला. “मंगल, घड्याळ दिलंस, पण त्याचं काळीज काढून घेतलंस गं.” अप्पांचं अंथरूण-पांघरूण मी काढलेलं, औषधपाणी मी केलेलं, आणि हा असं बोलतो? त्या वर्षी भाऊबीजेला दादा आला नाही. मी ताट करून ठेवलं होतं. रात्री तसंच उचललं आणि मोरीत जाऊन रडले.

शेवटी मी आक्कांकडे गेले. “वाटेकरी किती?” मी म्हटलं, “दोघं. पण तो येणार नाही.” त्यांनी माझ्याकडूनच नंबर घेतला आणि दादाला फोनवर असं काही झापलं की पुढच्या रविवारी तो घड्याळ घेऊन हजर! माझ्याकडे न बघता दुसऱ्या स्टुलावर बसला.

आक्कांनी झाकण काढलं. बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. “केस अस्सल हाय. डायल नंतर कधीतरी रंगवून घेतलीया. ही अक्षरं बघ कशी जाड आलीत, कंपनीची एवढी जाड नसतात. पण डायल रंगवायची तेव्हा पद्धतच होती, त्यात काय चोरी न्हाय.” मग चिमट्याने मशीन अलगद बाहेर काढलं. “हे बी स्विसच हाय. पण दुसऱ्या कंपनीचं. ह्या केसमधलं न्हाय.”

दादाने तेव्हा माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरू शकत नाही.

आक्का मात्र अजून खालीच बघत होत्या. मशीन मोठ्या केसमध्ये हलू नये म्हणून त्याच्याभोवती पितळेची एक बारीक रिंग बसवलेली होती, हाताने कापलेली. ती त्यांनी चिमट्यात धरून उजेडात फिरवली. मग उठल्या, नवऱ्याच्या जुन्या हत्यारांच्या डब्यातून तशाच दोन रिंगा काढल्या आणि तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. कडेला एकसारख्या तिरक्या खाचा.

“ही आमच्या ह्यांच्या हातची,” त्या म्हणाल्या. “अशा खाचा दुसरं कुणी पाडत न्हाय. घड्याळ दुरुस्तीला आलं असंल, पार्ट मिळाला नसंल, म्हणून ह्यांनी दुसरं मशीन घातलं. आणि तुमच्या वडलांना सांगितलं न्हाय. सांगायला पायजे होतं. तुमचे अप्पा हिच्याकडं कधी आले ते हिनं मला सांगितलंय, त्याच्या आधीच हे गेलते. ह्या पोरीनं हात बी लावलेला न्हाय.”

दारात दोन गिऱ्हाइकं उभी होती. आक्कांनी आवाज जरासुद्धा कमी केला नव्हता.

दादा कसाबसा म्हणाला, “मंगल, मी...” तर आक्का त्याच्यावरच उखडल्या. “इथं नगं. घरी जाऊन काय ते बोला. मला कामं हायत.” मग मशीन परत बसवून झाकण लावलं आणि त्या दोन रिंगा डब्यात ठेवल्या. आम्ही दोघं पिरनवाडीला आलो. महिना कुठला, तिथी कुठली, काही न बघता मी भाऊबीजेचं ताट केलं आणि दादाला ओवाळलं. तो जेवताना मान वर करत नव्हता.

पुढे एकदा मी आक्कांना विचारलं, “तुम्ही गप्प बसला असता तरी चाललं असतं. का सांगितलंत?” त्या चिडल्याच. “व्हय? आणि तुझा भाऊ जन्मभर तुला चोर म्हणत बसला असता, ते मी ऐकत बसायचं? गेलेल्या माणसाला काय लागतंय गं. तुला लागत होतं.” नवऱ्याचं कौतुक त्यांनी काही सोडलं नाही. “असा हात पुन्हा होणार न्हाय,” म्हणायच्या, आणि आता पुढे जोडायच्या, “पण एकदा चुकले.”

गेल्या वर्षी आक्का गेल्या. मी दादाला कळवलं, तर तो निपाणीहून तडक आला. त्याच्या गाडीवर मागे बसून मी शहापूरला निघाले. वाटेत त्याने एकाएकी गाडी कडेला घेतली. म्हणाला, “मंगल, ती बाई त्या दिवशी बोलली नसती, तर मी तुझ्या दारात पुन्हा आलोच नसतो गं.” आणि हेल्मेट न काढताच रडायला लागला.