आउटपुट नको, इनपुट दाखव

कँटीनमध्ये साळवे मॅडमनी "कशी आहेस?" विचारलं आणि तुम्ही "मजेत" म्हणालात, की संपलंच. हातातला चहा खाली ठेवून त्या म्हणायच्या, "हे झालं आउटपुट. इनपुट दाखव."

नाशिकजवळ अंबडच्या आमच्या कारखान्यात त्या टेस्टिंगला होत्या, मी शेजारच्या टेबलावर. लांबच्या तारेतून येता येता सिग्नलचे चौकोनी ठोके पार झिजतात, कोपरे जातात, खरखर मिसळते. आम्ही बनवतो ते सर्किटचं कार्ड तो मळका ठोका घेतं, 'आहे' की 'नाही' एवढंच ठरवतं आणि नवाकोरा चौकोन पुढे पाठवतं. नवीन मुली सिग्नल दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावर तो चौकोन बघून खूश व्हायच्या. मॅडम फटकारायच्या, "अगं, ठरवताना चुकलं तरी बाहेर असंच छान दिसतं! आत काय आलंय ते बघ आधी." चिडल्या की त्यांची नांदगावची गावाकडची बोली बाहेर पडायची, "लय गोड दिसतंय ना? मग काहीतरी लपवतंय."

माणसांनाही हाच नियम. माझ्या घरची कोर्टकचेरी चालली होती तेव्हा सगळा फ्लोअर माझ्या "मजेत"वर खूश होता. या बाईंनी मला स्टोअररूममध्ये नेऊन पोटभर रडवलं आणि वर म्हणाल्या, "आता कसं! मळकं, पण खरं." राग आला होता मला, खरं सांगते.

फ्लोअरवर सगळ्यांनाच केस झाकणारी निळी टोपी. ती कँटीनमध्ये काढायची, असा नियम. न काढणाऱ्याला मॅडमच झापायच्या. यंदा उन्हाळ्यात त्या स्वतःच टोपी घालून डबा खात होत्या. मला चेव आला. "काय मॅडम, नियम फक्त आम्हाला का? कशा आहात?"

"मजेत."

मी त्यांचीच नक्कल केली. चहा खाली ठेवला. "हे झालं आउटपुट. इनपुट दाखवा."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि टोपी वर केली. डोक्यावर एक केस नव्हता.

बाई गं! रोज शेजारी बसत होते मी! मधूनमधून "लेकीकडे जाते" म्हणून सुट्टी घ्यायच्या, ती केमोसाठी होती. "पोटाचा कॅन्सर. पसरलाय," त्या टोपी सारखी करत म्हणाल्या. "इथे कळलं तर मला घरी बसवतील, आणि घरी बसले तर मी आधीच मरेन. वैशाली, तू मागितलंस म्हणून दाखवलं. बाकीच्यांना आउटपुटच द्यायचं."

मग मी तेच केलं. कोणी म्हणालं, "मॅडम वाळल्यात का गं?" की मी फाडकन, "छे! मजेत आहेत." त्या अखेरपर्यंत कामावर आल्या. शनिवारी कार्डं तपासून गेल्या आणि सोमवारी लेकीचा फोन आला, "मावशी, आई गेली." मला सगळं माहीत होतं. फ्लोअरवर कोणाचा विश्वासच बसेना. परवा तर इथे होत्या, मजेत होत्या, असंच जो तो म्हणत राहिला. मला तर अजून त्या टेबलाकडे बघवत नाही.

काल कँटीनमध्ये सुपरवायझर समोर आले. "काय, कशी आहेस?"

"मजेत," मी म्हणाले.

"छान," म्हणाले, आणि चहा पीत पुढे गेले.