चार लिटरचं माप

हेमंतची आणि माझी शेवटची भेट बॉनमध्ये, त्याच्या स्वयंपाकघरात, एका रविवारी दुपारी झाली. त्याने माझ्यासमोर बाटली ठेवली, झाकणाची तार अंगठ्याने वर लोटली, टप्प असा आवाज झाला, आणि उंच ग्लासात बिअर तिरकी ओतून तो समोर बसला. त्याच्या स्वतःच्या हातात कोकम सरबताचा पेला होता. "हं, सांग," तो म्हणाला, "कशी झालीय?" मी नेहमीसारखा एक घोट घेतला आणि सांगायला लागलो... आधी माल्टचा गोडवा, पावाच्या खरपूस कडेसारखा. मग मागून येणारा हॉप्सचा कडूपणा, या वेळी जिभेवर जरा जास्त रेंगाळणारा. फेस दाट आहे, पण लवकर बसतोय. तो कान देऊन ऐकत होता. डॉक्टरांनी ज्याला थेंबही घ्यायचा नाही असं बजावलं होतं, त्या माणसाला त्याच्याच हातची चव निदान शब्दांत तरी मिळावी म्हणून मी जीव तोडून वर्णन करत असे. त्यानंतरच्या बुधवारी मी कोलोनला ऑफिसात असताना मृणालवहिनींचा फोन आला. सोमवारी रक्ताची उलटी झाली, इस्पितळात नेलं, आणि... "हेमंत गेला," एवढंच त्या म्हणाल्या.

पहिल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर हा लेख वेगळा झाला असता. त्यात दिलदार मित्र आला असता, त्याचं खळखळून हसणं आलं असतं. ते सगळं खरंच होतं. पण मध्ये काही आठवडे गेले, आणि त्या आठवड्यांत मला जे कळलं त्यानंतर तसा लेख माझ्याच्याने लिहवत नाही.

आम्ही पुण्यात इंजिनिअरिंगला एका वर्गात होतो. पुढे तो टेलिकॉममधल्या नोकरीसाठी बॉनला आला आणि मी कोलोनजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात. मध्ये अर्ध्या तासाची रेल्वे, त्यामुळे मैत्री टिकली. जर्मनीने वर्ल्ड कप जिंकला त्या उन्हाळ्यात हेमंतला घरी बिअर करायचं वेड लागलं. कुठूनसं त्याने तीस लिटरचं स्टीलचं पातेलं आणलं, लग्नाच्या आचाऱ्याकडे असतं तसं. इमारतीच्या तळघरातल्या धुण्याच्या खोलीत आम्ही दोघं शनिवार सकाळपासून उभे. दळलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, गरम पाण्यात भिजवायचं, गाळायचं, गाळलेलं गोड पाणी हॉप्सची कडू फुलं घालून तासभर खळाखळा उकळायचं, गार करून यीस्ट घालायचं. ते भरलेलं पातेलं उचलायला दोघं लागायचे आणि कंबर धरली की हेमंत जर्मन ढंगात म्हणायचा, "आल्झो, शिऱ्या, आपण म्हातारे झालो." एका वेळी वीस लिटर व्हायची. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लिंडनरबाई, ऑफिसातले, मराठी मंडळातले, सगळ्यांना बाटल्या जायच्या. मृणालवहिनी आणि माझी बायको वर गप्पा मारत बसायच्या आणि अधूनमधून जिन्यातून "अहो, जेवायला या आता!" अशी हाक यायची. आयुष्यात तेवढे आनंदाचे शनिवार मला फारसे मिळाले नाहीत.

या वाटपापलीकडे हेमंत स्वतः किती पितो, हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कळलं ते यकृताच्या तपासण्या आल्या तेव्हा. डॉक्टर स्पष्ट बोलले. इस्पितळातून घरी आल्यावर वहिनींसमोर, माझा हात हातात घेऊन हेमंत म्हणाला, "आता बंद. आईशप्पथ. शिऱ्या, ते पातेलं तुझ्या घरी घेऊन जा, माझ्या डोळ्यांसमोर नको." मी आणि माझा मुलगा ते पातेलं गाडीत घालून कोलोनला घेऊन आलो. त्या दिवशी मला त्याचा किती अभिमान वाटला होता! मराठी मंडळात मी त्याचं उदाहरण देत फिरलो. म्हणजे बघा.

वर्षभराने त्याचा फोन आला. "एक मागू? नाही म्हणू नकोस." त्याला पुन्हा बिअर करायची होती. प्यायची नव्हती, नुसती करायची होती. "पिणार नाही रे. पण तो वास... ते ढवळणं... तेवढं तरी राहू दे माझ्याकडे. अगदी थोडी करीन, चार लिटर. सगळी तुला." वीसचं चारवर आणायचं म्हणून त्याने सगळं पाचाने भागून एकदा करूनही बघितलं होतं आणि फजिती झाली होती. उकळून उकळून तळाशी काकवी उरली होती म्हणे. मी हसत सुटलो. त्याने मला न विचारता आधीच एकदा करून बघितलं होतं, हे मात्र तेव्हा माझ्या मनाला टोचलं नाही. आता टोचतं.

प्रयोगशाळेत वाटीभर जमलेलं मिश्रण कारखान्यात टाकीभर कसं जमवायचं, हेच माझं पोटापाण्याचं काम. इथे उलटं करायचं होतं. मी पुढच्या रविवारी वहिनींना विचारलं, "करू देऊ का त्याला?" त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही लक्ष ठेवणार असाल तर करू दे." मी हो म्हटलं आणि कामाला लागलो. हेमंतला समजावलं की माल्ट, हॉप्स पाचाने भागून चालतं, पण वाफेला भागाकार कळत नाही. ती पातेल्याच्या तोंडावर आणि घड्याळावर चालते. पातेलं लहान केलं म्हणून ती पाचपट कमी होत नाही, म्हणून सुरुवातीचं पाणी जास्त घ्यायचं. दुसरं म्हणजे मोठं पातेलं तासभर आपली ऊब आपण धरतं, लहान लगेच गार होतं, आणि माल्ट तर एका उबेवर भिजत राहायला हवं. वहिनींच्या आईने पाठवलेली एक जुनी गोधडी कपाटात होती. ती आम्ही हेमंतने आणलेल्या आठ लिटरच्या नव्या पातेल्याला गुंडाळली. "गेनाऊ! अगदी बरोबर!" हेमंत टाळी वाजवून ओरडला, "बाळंतिणीसारखी बसलीय बघ!" मग मी लाकडी डाव पातेल्यात उभा धरून सुरीने त्याच्या दांड्यावर दोन खाचा पाडल्या. वरच्या खाचेपर्यंत भरून उकळायला सुरुवात करायची आणि खालच्या खाचेवर आलं की आच बंद. तिथे बरोबर चार लिटर. लहान मुलाला सायकल शिकवल्यावर होतो तसा आनंद मला झाला होता.

मग महिन्यातून एक रविवार ठरून गेला. चार लिटरच्या अर्ध्या लिटरवाल्या आठ बाटल्या. एक माझ्यासमोर उघडली जायची, सात पिशवीत घालून मी घरी न्यायचो. हिशोब चोख. वहिनी टेबलाशी बसलेल्या असायच्या. हेमंत कोकम पीत विचारायचा, "कशी झालीय?" आणि मी पाच-पाच मिनिटं बोलायचो. कधी तो मध्येच म्हणायचा, "या वेळी हॉप्स उशिरा घातले, ते जाणवतंय का?" मी पुन्हा घोट घेऊन विचार करून उत्तर द्यायचो. त्याचे डोळे चमकायचे. मला वाटायचं, बिचारा माझ्या जिभेने पितोय.

तो स्वतःच्याच जिभेने पीत होता. हे मला सांगितलं फ्राऊ लिंडनरबाईंनी, आणि तेही कौतुकाने. अंत्यसंस्कारानंतर घरी कॉफी आणि केक होता. बाईंनी माझे दोन्ही हात धरले. "म्हणजे तुम्हीच ते हेर्र शिरीष! तुमचंच रेसेप्ट ना, तुमचीच कृती? हेमंत नेहमी सांगायचा, माझ्या मित्राने खास मला बसवून दिलंय. दर गुरुवारी जिन्यात काय सुंदर वास यायचा! मग तो एक बाटली मला आणून द्यायचा, एक स्वतः उघडायचा, आणि आम्ही बाल्कनीत बसायचो." मी विचारलं, "महिन्यातून एका गुरुवारी?" "नाही नाही," बाई म्हणाल्या, "जेडेन डॉनर्सटाग. दर गुरुवारी." माझ्या मागे कपांचा आवाज झाला. मृणालवहिनी ट्रे घेऊन तिथेच उभ्या होत्या.

गुरुवारी विद्यापीठाचं ग्रंथालय उशिरापर्यंत उघडं असतं. वहिनी तिथे काम करतात, म्हणून गुरुवारी त्यांना यायला उशीर होतो. त्या दिवशी हेमंत स्वयंपाक करायचा. दारातच लसणाच्या फोडणीचा आणि कांद्याचा घमघमाट यायचा, गरम झुणका तयार असायचा. हे वहिनींनी माझ्या बायकोला कितीदा कौतुकाने सांगितलं होतं! आजारपणाने माणूस बदलला, बायकोची कदर करायला लागला, म्हणून. तो कांदा कशासाठी परतला जात होता, ते त्यांना त्या ट्रेसकट उभ्या असताना कळलं. आणि त्याच्या आदल्याच आठवड्यात इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने "ते पीत होते का?" असं विचारल्यावर याच वहिनींनी त्याला खडसावलं होतं, "माझा नवरा पीत नाही, नीट तपासा."

त्या दिवशी ट्रे टेबलावर ठेवून त्या आत निघून गेल्या. आठवड्याने फोन आला. "तळघरात तुमचं काहीतरी आहे. येऊन घेऊन जा." तुमचं, हा शब्द मला दिवसभर चावत राहिला. गेलो. त्यांच्या वाट्याच्या तळघराच्या खोलीत, गाडीच्या हिवाळी टायरांच्या मागे चार लहान बादल्या होत्या, झाकणं लावलेल्या. तीन रिकाम्या, एक भरलेली. बाजूला पातेलं, लाकडी डाव, आणि ती गोधडी. तिला बिअरचा वास लागला म्हणून ती जुने कपडे गोळा करणाऱ्यांच्या पेटीत टाकली असं हेमंतने वहिनींना सांगितलं होतं. वहिनींनी ती उचलली, नाकाशी नेली आणि बाजूला ठेवली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही, वहिनी. खरंच नाही."

"तुमच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो," त्या म्हणाल्या, "पण विश्वास तर मी हेमंतवरही ठेवला होता."

मी भरलेली बादली उचलून धुण्याच्या खोलीतल्या मोरीपाशी नेली. ओतणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा." शेल्फवरची वाटी त्यांनी बादलीत बुडवली आणि माझ्यापुढे धरली. "घ्या. नेहमी घेत होतात ना?... सांगा, कशी झालीय?" वर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी ते सगळे रविवार ऐकले होते. मी घोट घेतला. आंबली असेल, बिघडली असेल, अशी मनोमन आशा होती. नाहीतर तसं खोटं तरी सांगावं, त्यांना बरं वाटेल, असंही क्षणभर मनात आलं. पण त्या तळघरात खोटं आधीच पुष्कळ साठलं होतं.

"चांगली झालीय, वहिनी," मी म्हटलं. "अगदी बरोबर झालीय."

त्यांनी मान हलवली आणि बादली स्वतःच्या हातांनी मोरीत उलटी केली.

मित्र गेल्याचं दुःख मला व्हायला हवं तसं होत नाही, याचाच मला राग येतो. तो चोरून पीत होता, हे एक वेळ समजू शकतो. व्यसन माणसाला काय काय करायला लावतं, ते पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको. दुकानातून आणून प्याला असता तर मी रडलो असतो आणि विसरलो असतो. पण त्याने माझी विद्या मागून घेतली. मोठं पातेलं माझ्या हाती सोपवून माझा विश्वास कमावला आणि मग त्याच विश्वासावर लहान पातेलं चढवलं. वीस लिटर करायची तर तळघर लागतं, शनिवार लागतो, उचलायला दुसरा माणूस लागतो, चार माणसांना दिसतं. चार लिटरला काही लागत नाही. एकट्याला जमतं, बायको घरी यायच्या आत उरकतं. ते कमी पिण्यासाठीचं माप नव्हतंच, लपवण्यासाठीचं होतं, आणि ते मी बसवून दिलं. आणि रविवारी मी डोळे मिटून चवीचं वर्णन करताना तो समोर बसून मन लावून ऐकत होता, त्याचं काय करू? ते ऐकणं खोटं होतं का? फसवणाऱ्याला एवढं मन लावून ऐकायची काय गरज होती?

ते लहान पातेलं मी भंगारात दिलं. डाव मात्र घरी आणला आणि धुवायला घेतला, तेव्हा दांड्यावर तिसरी खाच दिसली. माझ्या वरच्या खाचेच्याही वर, पातेल्याच्या काठाशी पोचणारी. हेमंत डावखुरा, त्यामुळे ती माझ्या खाचांच्या उलट बाजूला तिरकी गेली होती. एवढं काठोकाठ भरलं तर उकळी फुटताच उतू जातं, हे मी त्याला बजावलं होतं. म्हणजे दर गुरुवारी तो पूर्ण वेळ तिथे उभा राहून ते सांभाळत असणार. जास्तीची एखाद-दुसरी बाटली निघावी म्हणून.

हे लिहू का, असं विचारायला परवा वहिनींना फोन केला. भीतभीतच केला. त्या खाचेबद्दलही सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमचंही ऐकलं नाही त्याने." तळघरानंतर पहिल्यांदा त्यांच्या आवाजातला माझ्यावरचा राग उतरल्यासारखा वाटला. "लिहा," त्या म्हणाल्या. "फक्त फार चांगला माणूस होता, असं लिहू नका. ते सगळे येऊन सांगून गेलेत." फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, गोधडी तीनदा धुतली, वास जात नाही. टाकवतही नाही.

डाव आमच्या स्वयंपाकघराच्या खणात आहे. बायको म्हणते, टाकून दे. रविवारी दुपारी चहाचं सामान काढताना हाताला लागतो. माझ्या दोन खाचांवरून अंगठा सहज फिरतो, तिसरीपाशी येऊन थांबतो, आणि समोर कोकमचा पेला घेऊन बसलेला हेमंत विचारतो, "हं, सांग. कशी झालीय?"

मी खण बंद करतो. पूर्वी पाच-पाच मिनिटं बोलत असे. आता त्याला उत्तर देत नाही.