जितेपणी भिंतीवर

निवृत्त झाल्यावर घरी बसून भाजी निवडायची मला हौस नव्हती. शाळेत चित्रकलेची बाई होते, हात शिवशिवत होते. मुरबाडच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या अनोळखी माणसांची पेन्सिलीने चित्रं काढू लागले. अट एकच, चित्र होईस्तोवर माझ्याशी बोलायचं. गप्प माणसाचा चेहरा मला जमत नाही.

किन्हवलीच्या गाडीसाठी थांबलेल्या एका आजींनी पदर सारखा केला आणि सांगितलं, जन्मात एकच फोटो निघाला, आधार कार्डाचा, त्यात मी चोरटी दिसते. नवरा गेल्यापासून त्याचा फोटो भिंतीवर आहे, शेजारची जागा मोकळी. तिथे आपण दिसावं, तेही डोळे उघडे असताना, असं त्यांना फार वाटत होतं. पुढचे दोन दात नव्हते, तेही मी तसंच काढलं आणि हौसेने फ्रेम करून दिली. तिथेच फसले. आमच्याकडे काचेत बसून भिंतीवर जातो तो मेलेला माणूस.

चौथ्या दिवशी त्यांचा थोरला मुलगा चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून स्टँडवर हजर. घरात अपशकुन नको म्हणाला. आजी मागे उभ्या होत्या, पण त्यांना विचारायची गरज त्याला वाटली नाही. त्या नुसत्या त्या पुडक्याकडे बघत राहिल्या. माझं डोकं फिरलं. शेजारच्या चहावाल्याकडे खिळा मागितला आणि चित्र सगळ्यांदेखत त्याच्या दुकानाच्या भिंतीवर ठोकलं. चहावाला म्हणाला, बाजूला माझंही लावा. तेव्हापासून प्रत्येक चित्र मी काच लावूनच तिथे टांगते.

भिंत भरत गेली. कंडक्टर आला, करवंदवाली आली. एकाच गाडीने जाणारी, वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोललेली माणसं चित्रांवरून विचारू लागली, ही कुठली, तो कुणाचा. आजी बाजाराला आल्या की स्वतःच्या चित्राखाली बसून चहा पीत. मुलगा बाहेरच थांबायचा.

एकदा आटगावकडच्या एका बाईने ते चित्र बघून हात जोडले. पिशवीतला नवा गजरा काढून फ्रेमला अडकवला आणि हळूच विचारलं, कधी गेल्या? आजी तिच्या मागेच बाकावर होत्या. मुलगा दारातून मला म्हणाला, "बघा बाई. मी सांगत नव्हतो?"

आजी उठल्या. चवड्यांवर उभं राहून गजरा काढला, हुंगला. मला वाटलं, त्या बाईला परत देतील. त्यांनी तो आपल्या पांढऱ्या अंबाड्यात खोवला. विधवा बाईने, भर बाजाराच्या दिवशी, मुलासमोर.

"मेल्यावर फुलांचा वास नाय येत रे," त्या त्याला म्हणाल्या.

किन्हवलीची गाडी लागली होती. त्या पुढे होऊन चढल्या, आणि मुलगा पिशव्या घेऊन मागून चढला.