ओंग अंकलची तोरणा

हेमचंद्र निगडे यांना गाड्यांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. सिंगापुरात बुकित पंजांगला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये इतकी वर्षं राहिले, पण गाडी घेतली नाही की चालवायला शिकले नाहीत. बँकेत ऑडिटर. माणूस असा काटेकोर की नियमात बसत नसेल तर सख्ख्या भावालाही सूट मिळायची नाही. बायकोने भाजीत मीठ कमी घातलं तरी आधी कारण विचारणार, मग जेवणार. असा माणूस एका जुन्या ऑस्ट्रेलियन गाडीपायी खुळा झाला, असं कोणी मला आधी सांगितलं असतं तर मी हसले असते.

त्यांची बायको शैलाताई. वेल्ह्याची, म्हणजे तोरणा किल्ल्याच्या अगदी पायथ्याची. जीभ तिखट आणि मन लोण्यासारखं. रविवारी इथल्या पोरांना मराठी शिकवायची. सिंगापुरात वाढलेल्या पोरांना 'ण' म्हणता येत नाही, म्हणून ती त्यांच्याकडून 'पाणी, लोणी, वेणी' घोकून घ्यायची आणि कोणी 'पानी' म्हटलं की त्याला खरोखरच तहानलेला ठेवायची. २००४च्या दसऱ्याला सकाळी तिला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बोलणाऱ्या बाईची वाचा जाणं म्हणजे काय, ते त्या घराशेजारी राहून मी ऐकलं. भिंतीपलीकडे नुसता पंखा फिरायचा.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षात येतं. थेरपीला जी मुलगी होती ती गोड होती, पण चित्रं दाखवायची आणि इंग्रजीत विचारायची. कप, की, अम्ब्रेला. शैलाताई छत्रीकडे बघायची आणि डोळे मिटून घ्यायची. महिन्यामागून महिने गेले. हेमचंद्ररावांनी नोकरी सोडली. मुलगी एकता शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पुंगोलहून दर शनिवारी यायची आणि जिन्यात रडून मग घरात शिरायची.

मार्चमधली गोष्ट. शैलाताईला थेरपीहून आणलं होतं, मी पिशव्या घेऊन बरोबर होते. खाली कारपार्कमध्ये आमच्या पायापुढून एक दोन दारांची भडक केशरी गाडी मागे मागे येऊन जागेवर लागली. शैलाताईने डावा हात उचलला आणि म्हणाली, "तोर... णा."

मी पिशव्या खाली टाकल्या. हेमचंद्ररावांनी गाडीच्या पाठीवरची चकचकीत अक्षरं वाचली. टी, ओ, आर, ए, एन, ए. आणि 'ण' कसा तर स्वच्छ, ठसठशीत, तिच्या वर्गातला. वेल्ह्याच्या पोरीने आपल्या किल्ल्याचं नाव वाचलं होतं, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. मीही घेतली नाही.

गाडी ओंग अंकलची, म्हणजे आमच्याच ब्लॉकमधल्या एका निवृत्त मेकॅनिकची. दुसऱ्या दिवशी हेमचंद्रराव त्याच्या दारात उभे. हे नाव शिवाजी महाराजांच्या पहिल्या किल्ल्यावरून ठेवलंय का, असं त्यांनी विचारलं. अंकलने डोकं खाजवलं. त्याच्या माहितीप्रमाणे होल्डन कंपनीने हे नाव ऑस्ट्रेलियाच्या मूळ लोकांच्या भाषेतून उचललं होतं, अर्थ 'उडणं'. हेमचंद्ररावांना ते पटलं नाही. पण भांडून चालणार नव्हतं, गाडी त्याची होती.

मग रोज संध्याकाळी हा कार्यक्रम. व्हीलचेअर गाडीच्या मागे उभी करायची आणि बोलत राहायचं. बोलायला काहीतरी हवं, म्हणून त्यांनी ओंग अंकलकडून त्या गाडीचा सगळा इतिहास काढून घेतला आणि मराठीत बायकोला सांगायला सुरुवात केली. बॅथर्स्ट नावाच्या गावाजवळ डोंगरावर शर्यत होते. बहात्तर साली तिथे पाऊस कोसळत होता. मोठ्या इंजिनाच्या फोर्ड फाल्कन सगळ्यांत दांडग्या, आणि ही सहा सिलिंडरची लहानखुरी तोरणा त्यांना वळणावळणावर पुरून उरली. अंकल तेव्हा सिडनीच्या गोदीत काम शिकत होता, ती शर्यत त्याने छत्री मोडून गेल्यावर भिजत बघितली होती. पुढे आठ सिलिंडरची तोरणा आली, तिने पंचाहत्तर आणि शहात्तर साल जिंकलं. मग अठ्ठ्याहत्तर. एकोणऐंशीला तर दुसऱ्या नंबरच्या गाडीला सहा फेऱ्या मागे टाकलं आणि शेवटच्या फेरीत, काही गरज नसताना, वेगाचा उच्चांक केला.

"बघ शैला," ते म्हणायचे, "महाराजांनी आपल्या तोरण्याचं नाव प्रचंडगड ठेवलं होतं. हीही तशीच प्रचंड." कार धुणारे लोक थांबून बघायचे. मला कधी हसू यायचं आणि लगेच स्वतःचीच चीड यायची. कारण आठवड्यातून एखाद्या वेळी, ऊन त्या केशरी रंगावर पडलं की शैलाताई हात उचलायची आणि म्हणायची, "तोर... णा." तेवढंच. त्या एका शब्दावर तो माणूस आठवडा काढायचा.

आणि जुलैत ओंग अंकलने सांगितलं की गाडी जाणार. इथे गाडी आपली असली तरी ती ठेवायचा परवाना मुदतीचा असतो. अंकलने आधी एकदा पाच वर्षं वाढवून घेतली होती, आणि पाचवाली मुदत पुन्हा वाढत नाही. जुन्या गाड्यांसाठी वेगळी योजना होती, पण तिच्यात बसायला ही म्हातारी अजून काही वर्षं लहानच ठरत होती. सप्टेंबरअखेर एक तर भंगारात, नाहीतर देशाबाहेर.

त्यानंतरचे हेमचंद्रराव मला बघवत नव्हते. जन्मभर दुसऱ्यांच्या सवलतींवर फुली मारलेला माणूस परवान्याच्या कचेरीत रोज सवलत मागायला जाऊ लागला. गाडी चालवणार नाही, नुसती उभी राहू द्या म्हणाले. चाकं काढतो म्हणाले. माझ्या बायकोचं औषध आहे म्हणाले. खिडकीतल्या मुलाने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि हळूच सांगितलं, "अंकल, रिअली कॅनॉट लाह," म्हणजे खरंच जमणार नाही. ते घरी आले आणि आमच्या कॉरिडॉरमध्येच भिंतीला टेकून बसले.

गाडी मेलबर्नच्या एका शौकिनाने घेतली. निदान मागची अक्षरं तरी काढून द्या, अशी गयावया त्यांनी ओंग अंकलपुढे केली. अंकलचेही डोळे भरले, पण अक्षरांसकट सौदा झाला होता. मग हेमचंद्ररावांनी त्या नावाचा मोठा फोटो काढून शैलाताईच्या पलंगासमोर लावला. थेरपीतल्या छत्रीकडे बघायची तशीच ती त्या फोटोकडे बघायची. सप्टेंबर संपता संपता ट्रक आला आणि ती केशरी गाडी दोरखंडांनी बांधून घेऊन गेला. शैलाताई बघत होती. तिने हात उचलला नाही.

त्या दिवसापासून हेमचंद्ररावांनी बोलणं जवळजवळ बंद केलं. दाढी वाढली. एकता म्हणाली, "सवितामावशी, आता मला दोघांचीही भीती वाटते." मलाही वाटत होती. वर्ष भरत आलं होतं.

दसऱ्याला सण करायचं मन नव्हतं, पण दार बोडकं ठेवायला जीव होईना. सेरंगून रोडच्या भारतीय बाजारातून झेंडू आणि आंब्याची पानं आणली, ओवली आणि दारावर बांधत होते. तेवढ्यात लिफ्टमधून ते दोघं बाहेर आले. माझ्या दारापाशी येताच शैलाताईने डावा हात उचलला.

"तोर... णा."

हेमचंद्ररावांनी सवयीने कठड्यावरून खाली बघितलं. त्या जागेवर कोणाची तरी पांढरी व्हॅन उभी होती. "गाडी शोधतेय," ते म्हणाले. "आता कुठून आणू मी तिची गाडी?"

मी तिच्याकडे बघितलं. ती खाली बघतच नव्हती. ती माझ्या, त्या गाडीसारख्याच भडक केशरी, झेंडूंकडे बघत होती, आणि मग त्यांच्याकडे, आणि चिडली होती. वर्गातल्या पोराने चौथ्यांदा 'पानी' म्हटल्यावर चिडायची तशी. माझ्या हातातला दोरा सुटला.

"हेमचंद्रराव," मी म्हणाले, "ती वाचत नाहीये. ती तुम्हाला सांगतेय. तोरण आणा."

ते चपलांच्या कपाटावर बसले. फरशीकडे बघत बोलू लागले. गेल्या दसऱ्याला शैलाताई दारात स्टुलावर उभी होती, खिळा ठोकून झाला होता. तिने आत त्यांना हाक मारली, "अहो, तोरण आणा." ते ताटातून तोरण उचलून बाहेर येईपर्यंत ती खाली पडलेली होती. ते तोरण कुठे गेलं, कोणाला आठवत नाही. नंतर त्या दारावर काही बांधलं नाही.

"इतके महिने ती हेच मागत होती," ते म्हणाले. "आणि मी तिला शर्यती सांगत बसलो."

मी माझ्या दारावरचं तोरण सोडलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तेच स्टूल आणलं. खिळा तिथेच होता. एक टोक वर आणि एक टोक खाली राहिलं, पण बांधलं एकदाचं. खाली उतरून ते व्हीलचेअरच्या बाजूला उभे राहिले, परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसे.

शैलाताईने तोरण या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिलं. ओठ दोनदा हलले.

"वाकडं," ती म्हणाली.

मी सरळ करायला पुढे झाले तर त्यांनी माझा हात धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. तोरण तसंच वाकडं राहू दे म्हणाले, उद्या ती पुन्हा सांगेल.