टोपाने पेट घेतला ती भाऊबीज
त्याच्या डोक्यावरच्या केसांच्या टोपाने पेट घेतला तेव्हा तो माझ्या पाया पडायला वाकलेला होता. हॅम्बर्गच्या एका नाट्यगृहात मी कपडे शिवायचे आणि तो इंग्रज माणूस तिथे बाईच्या वेशात गाणी म्हणायचा. तोवर जन्मभर त्याने तेच केलं होतं. आमच्या गावच्या तमाशातही पुरुष लुगडं नेसायचे, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही. या धंद्यापायी त्याच्या सख्ख्या बहिणीने त्याला तोडलं होतं, म्हणून दर भाऊबीजेला प्रयोगाआधी मी त्याला ओवाळायचे. रंगपटात पावडरीचा आणि केसांवरच्या स्प्रेचा वास कोंदलेला असायचा. त्या दिवशी ओवाळून मी ताट स्टुलावर ठेवलं आणि मोडक्या जर्मनमध्ये म्हणाले, "म्हातारा झालास, आता पुरे कर." "ताई, रंगमंचावरची राणी कधी म्हातारी होते का?" म्हणत तो वाकला, आणि त्याचा हातभर उंच टोप निरांजनाला लागला. टोप कपाळाला डिंकाने चिकटवलेला होता, ओढला तरी निघेना. "ओढ, कातडी गेली तरी ओढ!" तो ओरडला. मी दोन्ही हातांनी ओढला तेव्हा टोप कातडीसकट निघाला. बेसिनमध्ये टाकून मी नळ सोडला. मला रडू आलं नाही, भाजलेले हातही तेव्हा दुखले नाहीत. कपाळावरच्या डागांमुळे तो पुन्हा रंगमंचावर गेला नाही, पण भाऊबीजेला माझ्या घरी येत राहिला. गेल्या हिवाळ्यात तो म्हातारपणाने गेला. त्या आगीतून आम्ही दोघं वाचलो होतो, आता मी एकटी आहे.