काळा गाळ

लालबागला वडील कामाला होते त्या गिरणीच्या जागेवर टॉवरसाठी बोअर मारत होते, तेव्हा मातीचे नमुने घेणारा एक तरुण रोज दिसायचा. खोलातून काळा गाळ वर आला की बोलणं अर्धवट टाकून तो आधी नमुना पिशवीत भरून आतली हवा दाबून काढायचा आणि तोंड घट्ट बांधायचा.

"गिरणीचा कोळसा ना?" मी विचारलं.

त्याने चिमूटभर गाळावर ॲसिड टाकलं. सडक्या अंड्याचा वास आला, वर धरलेला, रसायन लावलेला पांढरा कागद काळा पडला.

"कोळसा नाही काका, जुनी खाडी आहे. गंधक आणि लोखंड. हवा लागली की रंग बदलतो, मग माप चुकतं."

तरी मी थोडा मागून घेतला, वडिलांच्या फोटोपुढे वाटीत ठेवला. आठवड्याभरात तो तांबूस झाला.

आता विचारणाऱ्यांना मी गिरणीच्या विटेचा चुरा म्हणून सांगतो.